पोपची रेघ, राजाचा कागद आणि मूळ मालक

कोलंबसाने अमेरिका ‘शोधली’ असे आपली मुले शाळेत पाठ करतात. ज्या भूमीवर माणसे पिढ्यान्पिढ्या नांदत होती, मका पिकवत होती, नगरे उभारत होती, ती भूमी शोधली कशी जाते? १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस बहामा द्वीपसमूहातील ज्या बेटावर उतरला, त्याला तिथल्या लोकांनी ग्वानाहानी हे नाव दिलेलेच होते. कोलंबसाने स्पेनच्या राजाराणीचा झेंडा फडकवला, बेटाचे नाव बदलून सान साल्वादोर केले आणि सोबतच्या लेखनिकाकडून ताब्याची नोंद करून घेतली. १४९३ च्या पत्रात त्याने लिहिले की, आपण ताबा जाहीर केला तेव्हा कोणीही हरकत घेतली नाही. हरकत घेणार कशी? जाहीरनामा स्पॅनिश भाषेत आणि ऐकणारे तैनो! कोर्टकचेरीत वावरणाऱ्या माणसाला यातली मेख चटकन कळेल. नोटीस नाही, म्हणणे नाही, आणि एकतर्फी हुकूम मात्र तयार.

या हुकुमावर शिक्का मारला धर्मसत्तेने. ४ मे १४९३ रोजी सहावा अलेक्झांडर या मूळच्या स्पॅनिश पोपने फर्मान काढले. अझोर्स आणि केप वर्दे बेटांच्या पश्चिमेस शंभर लीगवर समुद्रात एक रेघ कल्पून, रेघेपलीकडची जी भूमी कोणा ख्रिस्ती राजाच्या ताब्यात नसेल ती स्पेनला दिली. पोर्तुगालला ही वाटणी पटेना. मग ७ जून १४९४ रोजी तोर्देसियास गावी तह झाला आणि रेघ केप वर्देच्या पश्चिमेस ३७० लीगपर्यंत सरकली. आज ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलली जाते, त्याचे मूळ या सरकलेल्या रेघेत आहे. ज्यांच्या अंगणातून रेघ गेली त्यांना मात्र या तहाची खबरही नव्हती.

इतर राजांनी तरी अन्यायाविरुद्ध आवाज उठवला का? मुळीच नाही. इंग्लंडच्या सातव्या हेन्रीने १४९६ सालीच जॉन कॅबटला सनद दिली, की ख्रिस्ती लोकांना अज्ञात असलेली ‘अश्रद्धां’ची भूमी आमच्या नावाने ताब्यात घे. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस म्हणे विचारत असे, जगाची वाटणी करणारे आदमचे मृत्युपत्र मला दाखवा! पण याच राजाच्या झाक कार्तिएने १५३४ साली आजच्या कॅनडातील गास्पे येथे तीस फूट उंच क्रूस रोवला. तिथला मुखिया दोन्नाकोना होडीतून आला आणि ही भूमी आमची आहे असे त्याने हातवारे करून बजावले. म्हणजे इथे हरकत रीतसर घेतली गेली होती! फ्रेंचांनी काय केले? क्रूस ही केवळ वाटेची खूण आहे अशी थाप मारली आणि त्याची दोन मुले फ्रान्सला नेली. १५३६ साली खुद्द दोन्नाकोनालाच पळवून नेले. तो परत आलाच नाही. युरोपच्या राजांचे भांडण वाटणीचे होते; ऐवज आपलाच, यावर त्यांचे एकमत होते.

आता या लुटीतली वकिली पाहा. १५१३ साली पालासिओस रुबिओस नावाच्या कायदेपंडिताने स्पेनच्या दरबारासाठी एक मसुदा लिहिला. तो ‘रेकेरिमिएन्तो’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. देवाने जग निर्माण केले, पोप देवाचा प्रतिनिधी, पोपने ही भूमी आमच्या राजाला दिली. तेव्हा शरण या, नाहीतर तुम्हाला आणि तुमच्या बायकामुलांना गुलाम करू आणि जी जीवितहानी होईल तिचा दोष तुमचाच! हल्ल्यापूर्वी हा मजकूर वाचून दाखवायचा असा नियम होता. कधी तो ओस पडलेल्या गावासमोर वाचला गेला, कधी जहाजावरूनच. आधी धर्मग्रंथाचा हवाला द्यायचा, मग शिक्षा ठोठावायची आणि शेवटी दोष भोगणाऱ्याच्याच माथी मारायचा. ही रीत आपल्याला काही अनोळखी नाही.

त्यामागोमाग वेठबिगार आली. ‘एन्कोमिएन्दा’ पद्धतीत गावेच्या गावे स्पॅनिश सरदारांना कामासाठी वाटून दिली गेली. १५४५ साली आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला आणि १५७० च्या दशकापासून दरवर्षी सुमारे तेरा हजार मूळनिवासी पुरुषांना पाळीपाळीने तिथे जुंपण्यात आले. देवीसारख्या रोगांनी माणसे मेली हे खरे. पण उरलेल्यांना सावरू न देण्याचे काम या वेठीने केले.

स्पेनमध्ये सज्जन नव्हते असे नाही. सालामांकाच्या फ्रान्सिस्को दे वितोरियाने १५३९ साली स्पष्ट सांगितले की, पोप जगाचा मालक नाही आणि मूळनिवासी हेच भूमीचे खरे मालक आहेत. पण स्पॅनिशांना व्यापार आणि प्रवास करू दिला नाही तर युद्ध न्याय्य ठरू शकते, अशी पळवाटही त्यानेच ठेवली. १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे मोठा वाद झाला. सेपुल्वेदाने अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगितले की काही माणसे जन्मतःच गुलाम असतात. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने त्याला कडाडून विरोध केला. लास कासासच्या करुणेबद्दल आदर बाळगूनही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्यांच्या माणूसपणाचा निवाडा चालला होता, त्यांच्यापैकी किती जणांना त्या सभेत वादी म्हणून स्थान होते? एकालाही नाही! याच लास कासासने आधी मूळनिवाशांचे ओझे हलके व्हावे म्हणून गुलाम आणण्याची सूचना केली होती, ज्यात आफ्रिकन गुलामही आले; पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा दयाळू माणूस एका गुलामाच्या जागी दुसरा गुलाम सुचवू शकतो. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन अस्पृश्यांच्या वतीने स्वतः का बसले, याचे उत्तर वायादोलिदमध्येही सापडते.

हा इतिहास शिळा झाला असे समजू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ साली जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश खटल्यात ठरवले की, ‘शोध’ लावणाऱ्या सत्तेकडे मालकी जाते. मूळनिवाशांकडे उरते ती केवळ वहिवाट. त्या खटल्यातही एकही मूळनिवासी पक्षकार नव्हता. भांडणारे दोन्ही गोरेच. आणि २००५ साली ओनायडा जमातीविरुद्ध निकाल देताना त्याच न्यायालयाने तळटीपेत याच सिद्धांताचा हवाला दिला! पोपची रेघ पाचशे वर्षांनंतर निकालपत्राच्या तळाशी उमटली.

३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने हा ‘शोधाचा सिद्धांत’ नाकारला. चांगले झाले. पण तो कधी चर्चच्या शिकवणुकीचा भाग नव्हता, असेही त्याच निवेदनात म्हटले आहे. नाकारल्याने एक एकर तरी परत मिळते का?

या रेघेचा आपल्याशी संबंध नाही असेही नाही. रेघेपूर्वेचे जग पोर्तुगालने आपले मानले, १५१० साली गोवा घेतला आणि तिथे १५६० साली इन्क्विझिशन बसवले. स्पॅनिश अमेरिकेत रक्ताच्या ‘शुद्धते’वरून माणसांची उतरंड लावताना जो ‘कास्ता’ शब्द वापरला गेला, तोच पोर्तुगीजांनी आपल्याकडच्या जातीला लावला आणि त्यातूनच इंग्रजीतला ‘कास्ट’ आला. आपली जात त्यांनी निर्माण केली नाही, ती आपल्याच धर्ममार्तंडांची करणी आहे. पण उतरंड ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

चळवळीतील तरुणांनी यातून एवढे घ्यावे. अन्याय केवळ तलवारीने होत नाही. तो मसुद्याने, नोंदीने आणि निकालाने टिकतो. म्हणून दिलगिरीच्या शब्दांवर समाधान मानू नका. कागद कोणी लिहिला, कोणाच्या गैरहजेरीत लिहिला आणि नोंद कोणाच्या नावे आहे, हे तपासा. आणि ज्या बैठकीत आपला निवाडा होणार आहे, तिथे आपला माणूस बसलाच पाहिजे. आपल्यावर दया करणारा नव्हे, आपला!