गुलाबी डंबेल, बाय बाय!

जिमची वर्षभराची फी भरली. नवे शूज आले, ट्रॅक पँट आली, मॅचिंग पाण्याची बाटलीसुद्धा आली. पहिल्या दिवशी ट्रेनरने हातात एक झेरॉक्स कागद ठेवला. वीस मिनिटं ट्रेडमिल, दहा मिनिटं सायकल, दोन किलोच्या गुलाबी डंबेलने हाताचे तीन व्यायाम आणि शेवटी शंभर क्रंचेस. ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच! बोरिवली काय नि कोथरूड काय, हा कागद सगळीकडे फिरतो. फक्त वरचा लोगो बदलतो.

माझ्या एका मैत्रिणीने तो आठ महिने इमानेइतबारे पाळला. आठ महिन्यांनंतरही डंबेल दोनच किलोचा! आणि ही बाई रोज लॅपटॉप, डबा, छत्री धरून पाचेक किलोची बॅग खांद्याला लावून लोकलमध्ये उभी राहते. घरी भरलेला गॅस सिलिंडर आला की बाल्कनीतून ओट्यापर्यंत तीच सरकवते. तो साधारण तीस किलोचा असतो. अशा शरीराला दोन किलोचं काय कौतुक?

म्हणून या वेळी विषय हाच. वेट ट्रेनिंग करायचं ठरवलंय, पण प्रोग्रॅम कुठला निवडायचा? त्याआधी एक छोटासा फंडा क्लिअर करू. वर्कआउट म्हणजे आज काय करायचं. प्रोग्रॅम म्हणजे आज केलं त्यापेक्षा पुढच्या महिन्यात जास्त कसं करायचं. ज्या कागदावर पुढच्या महिन्याचा पत्ताच नाही, तो प्रोग्रॅम नाही. ती नुसती यादी आहे, वाण्याच्या यादीसारखी.

‘पण मी पुरुषी दिसायला लागले तर?’

हा प्रश्न येतोच. आईकडून येतो, सासूकडून येतो आणि रात्री आरशासमोर स्वतःकडूनही येतो. याचं उत्तर आपल्याच देशातल्या तिघींकडे आहे.

ऑलिम्पिकमध्ये महिलांचं वेटलिफ्टिंग पहिल्यांदा आलं ते २००० साली, सिडनीत. त्याच वेळी कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात एकूण २४० किलो वजन उचलून ब्राँझ जिंकलं. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढे २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानूने ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून सिल्व्हर आणलं. आणि आपल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ साली ग्रीसमध्ये ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड घेतलं. गट ४५ किलोचा, उचललेलं वजन एकूण १५३ किलो. (स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या दोन लिफ्टची ही बेरीज असते.)

आता जरा विचार करा. ४५ किलो गटात उतरायचं तर स्वतःचं वजन त्याच्या आत हवं. वजनं उचलून मुली आपोआप फुगत असत्या, तर वर्षानुवर्षं रोज तेच करणाऱ्या या मुली अशा गटात राहिल्या असत्या का? बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने खूपच कमी असतं. बॉडीबिल्डरसारखे स्नायू कमवायला वर्षांची मेहनत आणि त्यासाठीचं मोजूनमापून खाणं लागतं. आठवड्यातून तीन तासांत चुकून कोणी बॉडीबिल्डर होत नाही. होत असतं तर जिममधली निम्मी मुलं एवढी वैतागलेली दिसली नसती!

खरी काळजी करायची तर हाडांची करा. हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत वाढून कमाल पातळीला पोहोचते. मग हळूहळू उतार लागतो आणि पाळी थांबल्यावर घसरण जोरात होते. बाथरूममध्ये घसरून खुबा मोडलेली एखादी आजी किंवा मावशी प्रत्येकाच्या घरात असते. त्यानंतर तिचं घराबाहेर पडणं कसं थांबलं, हेही आपण पाहिलेलं असतं. हाडांना भार मिळाला की ती टिकून राहायला मदत होते. म्हणजे हा आपला दुसरा पीएफ. पंचविशी-तिशीत भरायचा आणि साठीत वापरायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही मोठ्या माणसांसाठी चालण्या-पळण्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. दोनच दिवस. एवढं तर जमेल ना?

गाजलेले प्रोग्रॅम आणि आपलं गणित

जिमच्या जगात काही नावं सारखी कानावर पडतात. मार्क रिपटो यांचं ‘स्टार्टिंग स्ट्रेंग्थ’ २००५ साली आलं. आठवड्यात तीन दिवस, मोजकेच बारबेलचे व्यायाम आणि प्रत्येक वेळी थोडं वजन वाढवायचं. ‘स्ट्राँगलिफ्ट्स ५ बाय ५’ त्याच पठडीतलं, फक्त पाच सेट, पाच रेप्स. जिम वेंडलर यांचं ‘५/३/१’ २००९ सालचं. त्यात वजन दर वेळी नाही, चार आठवड्यांच्या एका सायकलनंतर वाढतं. आणि ब्रेट कॉन्ट्रेरास व केली डेव्हिस यांचं ‘स्ट्राँग कर्व्ह्ज’ २०१३ सालचं, खास बायकांसाठी लिहिलेलं, कंबरेखालच्या स्नायूंवर जास्त भर देणारं.

यातलं कुठलंही वाईट नाही. पण निवडताना एक गणित करून बघा. ५ बाय ५ मध्ये स्क्वॉट दर वेळी अडीच किलोने वाढवायचा असतो. आठवड्यात तीनदा म्हणजे साडेसात किलो. बारा आठवड्यांत ९० किलोची भर! कागदावर. प्रत्यक्षात गाडी त्याआधीच अडते. मग पुरुष असो वा बाई, वजन थोडं उतरवून पुन्हा चढावं लागतं. बाईची गाडी लवकर अडते, त्यातही खांद्याच्या आणि छातीच्या व्यायामात आधी. कारण तिथे आपण सुरुवातच कमी वजनाने करतो.

त्यात आपल्या जिमची गंमत. बऱ्याच ठिकाणी सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन बाजूंना दोन लावल्या की वाढ थेट पाच किलोची. शेजारचा मुलगा खांद्यावरून ४० किलो ढकलतो, त्याला ४५ म्हणजे साडेबारा टक्के जास्त. तुम्ही नुसता २० किलोचा रॉड ढकलता, तुम्हाला २५ म्हणजे सरळ २५ टक्के जास्त! तुमचा बॉस एका महिन्यात २५ टक्के जास्त टार्गेट देईल का? बरं, हे उदाहरण सोडा. देईलही.

सांगायचं काय, तर दोष तुमच्या खांद्यांचा नाही, प्लेटचा आहे. म्हणून जिममध्ये गेल्यावर आधी आरसे, म्युझिक, ज्यूस बार बघू नका. सगळ्यात लहान प्लेट किती किलोची आहे ते बघा. सव्वा किलोच्या प्लेट आहेत का? १५ किलोचा लेडीज बार आहे का? तो वजनाला कमी असतो आणि जाडीलाही, त्यामुळे लहान हातात नीट बसतो. नसेल तर सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतः विकत घ्या आणि बॅगेत ठेवा. लोक बघतील. बघू देत.

मग मी काय सुचवते?

नवीन असाल तर दोन किंवा तीन दिवसांचा फुल बॉडी प्रोग्रॅम घ्या. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय अशी पाच दिवसांची वाटणी ऐकायला भारी वाटते. पण बुधवारी ऑफिसात मीटिंग लांबली की त्या आठवड्यात पाय गायब! फुल बॉडीत एखादा दिवस चुकला तरी शरीराचा कुठलाच भाग आठवडाभर उपाशी राहत नाही. सहा-आठ महिन्यांनी वेळ आणि हौस दोन्ही वाढली, तर चार दिवसांवर जा.

पहिला दिवस असा ठेवता येईल: छातीशी डंबेल धरून स्क्वॉट, डंबेल बेंच प्रेस, रोइंग आणि प्लँक. दुसरा दिवस: रोमानियन डेडलिफ्ट, खांद्याचा प्रेस, लॅट पुलडाऊन, लंजेस आणि शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन चालणं. (हे शेवटचं म्हणजे भाजीच्या पिशव्यांची प्रॅक्टिसच!) प्लँक आणि चालणं सोडून प्रत्येकाचे तीन सेट, ८ ते १२ रेप्स, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. पाऊण ते एक तासात बाहेर.

आणि वाढवायचं कसं? हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. समजा, रोइंग ७.५ किलोच्या डंबेलने ८ रेप्स जमतात. वजनाला हात लावू नका, रेप्स वाढवा. ९, १०, ११... तिन्ही सेटमध्ये नीट १२ झाले की मग वजन एक पायरी वर आणि रेप्स पुन्हा ८ वर. याला डबल प्रोग्रेशन म्हणतात. आपल्या जिममधल्या मोठ्या उड्या पचवायला हा उत्तम उपाय आहे, कारण उडी मारण्याआधी पुरेशी तयारी झालेली असते. उडी फारच मोठी असेल तर १२ ऐवजी १५ पर्यंत जा. सेट संपताना ‘आणखी दोन निघाले असते’ असं वाटलं पाहिजे. ‘आणखी दहा’ वाटलं तर वजन हलकं आहे. कंबर वाकायला लागली तर ते जास्त आहे.

स्टेज गाठायचंच असेल, पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचं असेल, तर बारबेलला पर्याय नाही. तेव्हा ५/३/१ सारखा हळू चढणारा प्रोग्रॅम आणि जाणकार कोच, दोन्ही हवेत.

पाळी, पोटपाणी वगैरे

पाळीत वजन उचलायला मनाई नाही. पोटात दुखतंय तर कमी करा, नाहीतर घरी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडा. एका दिवसाने काही बिघडत नाही. पाळीच्या चक्रानुसार आखलेले महागडे प्रोग्रॅमही विकले जातात. साध्या, सातत्याने केलेल्या प्रोग्रॅमपेक्षा ते सरस ठरतात असा पक्का पुरावा नाही. पण व्यायाम वाढवून खाणं कमी केलं आणि पाळीच बंद झाली, तर ती ‘सुटका’ समजू नका. शरीराला अन्न पुरत नसल्याची ती खूण असू शकते आणि हाडांवर तिचा परिणाम होतो. लगेच डॉक्टर गाठा. गरोदर असाल, नुकतंच बाळंतपण झालं असेल किंवा पाठीचं, ब्लडप्रेशरचं दुखणं असेल, तर सुरुवातच डॉक्टरांना विचारून करा.

खाण्याचं म्हणाल तर ताकद वाढवायला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन धरतात. ५५ किलोच्या मुलीला दिवसाला ६६ ते ८८ ग्रॅम. दोन अंड्यांतून बारा-तेरा मिळतात, १०० ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. नुसती पोळी-भाजी आणि वाटीभर वरण यात हिशेब बसत नाही. उसळ, दही, अंडी, मासे, चिकन, सोयाबीन, जे घरात चालतं ते डब्यात वाढवा.

शेवटचं, एक वीस रुपयांची वही घ्या. तारीख, व्यायाम, वजन, रेप्स. बस्स. आणि एकदा निवडलेला प्रोग्रॅम बारा आठवडे सोडू नका. दुसऱ्या आठवड्यात मैत्रीण झुंबाबद्दल सांगेल, चौथ्या आठवड्यात वजनकाटा हलणार नाही, सहाव्यात लग्नसराई येईल. तरीही वही लिहीत राहा. वजनकाटा गप्प असतो, तेव्हाही वहीत सातचे दहा आणि दहाचे पंधरा झालेले दिसतात. आणि पुढच्या प्रवासात बॅग वरच्या रॅकवर ठेवताना कुणी म्हणालंच, ‘मॅडम, मी ठेवून देऊ का?’ तर छान हसा, थँक्यू म्हणा आणि बॅग आपणच ठेवा.