पोरं पळून चाललीत म्हणे!

परवा एका सत्काराच्या कार्यक्रमाला बातमीसाठी बसलो होतो. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात परदेशात जाणाऱ्या पोरांना धरलं. आईबापानं पोटाला चिमटा घेऊन शिकवायचं अन् पोरांनी गोऱ्यांची चाकरी करायला पळायचं, ही मातीशी बेइमानी आहे म्हणे! टाळ्या पडल्या. पाहुण्यांचं नाव लिहीत नाही, कारण हेच भाषण मी वीस वर्षांत वेगवेगळ्या पक्षांच्या तोंडून ऐकलंय. यांची स्वतःची लेकरं कुठं शिकतात, ते ज्यानं त्यानं आठवून बघावं.

मी टाळी वाजवली नाही. माझी पुतणी सध्या जर्मन भाषेच्या परीक्षेची तयारी करतेय.

आधी बेइमानीचं बघू. आपला जिल्हा दरवर्षी दिवाळीच्या आगंमागं अर्धा रिकामा होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या अन् लेकरं. सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटक. त्यांना कुणी बेइमान म्हणत नाही, कारण मतदानाच्या दिवशी गाड्या पाठवून त्यांना परत आणता येतं. २०१९ मध्ये सरकारच्याच समितीनं ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसात खाडा पडला तर पैसे कापतात, म्हणून पिशवीच काढून टाकायची. मातीशी इमान राखलं म्हणून या बायांचा सत्कार कुठं झालेला मला तरी आठवत नाही.

आता पुतणीचं. बीएस्सी नर्सिंग झालीय, संभाजीनगरला खासगी दवाखान्यात नोकरी करते. मी तिला सरळच विचारलं, "पैशासाठी चाललीस का?" ती म्हणाली, "काका, पैसे तर लागतातच. पण ड्युटी संपल्यावर रात्री एकटीनं रूमवर चालत जाता यावं, एवढं मला पाहिजे. अन् समोरच्यानं आधी आडनाव विचारून मग माझ्याशी कसं बोलायचं ते ठरवू नये."

आडनावाचं ऐकून मी गप्प बसलो. खोटं काय बोलली ती? आपल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना २०२५ मध्ये पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढावी लागली. फिर्याद द्यायला आलेला माणूस आधी पाटी वाचून साहेब आपला का त्यांचा हे ठरवतो, हे खात्यालाच कळून चुकलं होतं. त्याआधी २०२४ च्या लोकसभेच्या निकालानंतर अमक्या जातीच्या दुकानातून किराणा घ्यायचा नाही, अशा शपथांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितले. काहींनी फॉरवर्डही केले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना उचलून नेऊन मारलं. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असं आरोपपत्र सांगतं. त्यानंतर टपरीवर काय चर्चा चालली होती? मारणारे कोणत्या जातीचे अन् मेलेला कोणत्या जातीचा. अशा गावात वाढलेल्या पोरीनं श्वास घ्यायला कुठं जावं, सांगा.

तिकडं स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. पुतणीला पाठवणारा एजंट चार लाख मागतोय. ऊसतोडीचा मुकादम निदान उचल देऊन नेतो राव, हा उचल घेऊन पाठवतोय! फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं लष्करी विमानात बेड्या घालून १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले. तेही लाखो रुपये दलालाच्या हातावर ठेवून गेले होते. जात तर बॅगेतून बिनबोभाट विमानात चढते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा करावा लागला, तो काही गोऱ्यांनी एकमेकांची जात काढली म्हणून नव्हे.

अन् तिकडं जाऊन बसलेल्यांपैकी काहींनाही दोन शब्द बोलायचेत, माझ्या यादीतलेच आहेत, वाचतील. तुम्ही तिथं अल्पसंख्याक म्हणून समान हक्क मागता, मिळालेच पाहिजेत. पण रात्री गावाच्या ग्रुपवर येऊन "आपल्या समाजानं आता हिसका दाखवलाच पाहिजे" हे कशाला लिहिता? हिसका दाखवताना गुन्हे इथल्या पोरांवर दाखल होतात. मग त्यांना पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत अडचण येते. म्हणजे तुम्ही गेलात त्या वाटेवरही त्यांनी यायचं नाही.

सरकारी आकडा आहे, २०२४ मध्ये २ लाख ६ हजारांवर लोकांनी भारताचं नागरिकत्व सोडलं. त्यात आपल्या जिल्ह्यातले बोटावर मोजण्याइतकेच असतील, आपल्याला जायलाच आत्ता कुठं जमतंय. बीड शहरात रेल्वे यायला १९९५ च्या मंजुरीपासून २०२५ चा सप्टेंबर उजाडला. आली एकदाची, तर पुतणी म्हणते, "बरं झालं काका, मुंबईचं विमानतळ जवळ आलं!" हसलो, पण ते मनाला लागलं.

मी गेलो नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केला, इथंच राहिलो, इथल्याच बातम्या लिहिल्या. थांबून काय बदललं, असं पुतणीनं अजून विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तर नाही माझ्याकडं. पण ते उत्तर देण्याची जबाबदारी तिची नाही, माझी आहे, अन् माझ्याहून जास्त त्या व्यासपीठावर शाल पांघरून बसलेल्यांची आहे. पुढच्या सत्काराला त्यांनी एवढंच सांगावं, की या जिल्ह्यात रात्री अकराला नर्सनं दवाखान्यातून रूमवर एकटीनं चालत जावं यासाठी त्यांनी आजवर काय केलं. मी ते पहिल्या पानावर छापून आणायचा प्रयत्न करीन.

सोमवारी भाऊ बँकेत कर्जाचा अर्ज भरणार आहे. जामीनदार म्हणून मी सही करतोय.