परवानगी जागेची की आशयाची?

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांचे चौपाटीवरील आगमनही टिपले. भारतीय वृत्तपटाचा आरंभ असा सार्वजनिक जागेत झाला. आज तेथे चित्रीकरण करायचे तर महापालिका, पोलीस अशा संबंधित यंत्रणांची परवानगी लागते. तिला आमचा विरोध नाही. रस्ता अडणार असेल, गर्दी जमणार असेल, तर विचारणा व्हावीच. रस्ता पादचाऱ्याचाही आहे. परंतु ‘किती वेळ, किती माणसे’ येथून अधिकारी ‘कथा काय, दाखवणार काय’ येथवर आला, की ते परिनिरीक्षण ठरते. आशयाच्या तपासणीसाठी १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आणि प्रमाणन मंडळ आहेच. चौकात टिपणे घेणाऱ्या कादंबरीकाराकडे कोणी कथासार मागत नाही. मोठ्या निर्मात्याकडे कचेरीत खेटे घालायला माणसे असतात. एकटा विद्यार्थी मात्र अर्ज भरतानाच विषय सौम्य करतो. असे गळालेले विषय कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाहीत. म्हणून स्थानिक यंत्रणेने जागेविषयी हवे तितके विचारावे, आशयाविषयी विचारू नये, असे आमचे मत आहे.