निवेदन: बी.कॉम.साठी ‘व्यवसाय माहिती प्रणाली’ हा मायनर विषय सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ, मुंबई

महोदय,

आम्ही सांताक्रूझ, वाकोला, कालिना आणि कुर्ला भागांत राहणारे, आपल्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बी.कॉम. करणारे विद्यार्थी व आमचे पालक हे निवेदन सादर करीत आहोत.

जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला आणि वाकोल्यातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराचाही हिशेब संगणकावर गेला. वार्षिक उलाढाल पाच कोटींपुढे असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीचे ई-इन्व्हॉइस काढावे लागते. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद केव्हा बदलली याचा माग एप्रिल २०२३ पासून सक्तीने ठेवावा लागतो आणि तो बंद करता येत नाही. या कामांना लेखाशास्त्र आणि संगणक दोन्ही जाणणारा माणूस लागतो. आपल्याकडे मात्र बी.एस्सी. आयटीचा विद्यार्थी डेटाबेस शिकतो, त्याचा जमा-नावेशी संबंध येत नाही, आणि बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला ताळेबंद जमतो, पण एक बिल नोंदवल्यावर ते साठ्यात, करात आणि खातेवहीत कसे पोहोचते हे त्याने कधी पाहिलेले नसते.

वाणिज्य शाखेत संगणक अजिबात नाही, असे आमचे म्हणणे नाही. तृतीय वर्षाला ‘कॉम्प्युटर सिस्टिम्स अँड ॲप्लिकेशन्स’ हा विषय होता. स्प्रेडशीट आणि मायएसक्यूएल यांच्याबरोबर त्यात व्हिज्युअल बेसिकही कैक वर्षे शिकवले गेले. त्या व्हिज्युअल बेसिक ६ चा आधार खुद्द मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये काढून घेतला होता. आम्ही परीक्षेपुरते पाठ केले, इतकेच.

बीएमएस आणि बीसीए हे पर्याय होते. २०२४-२५ पासून ते एआयसीटीईच्या कक्षेत गेले, त्यांना सीईटी आली, आणि ज्यांना त्या परीक्षेची वेळेत माहितीच मिळाली नाही ते साध्या बी.कॉम.कडे वळले. शिवाय हे अभ्यासक्रम स्वयंअर्थसाहाय्यित आहेत. त्यांची फी आणि अनुदानित बी.कॉम.ची फी यांतले अंतर आमच्या पालकांना चांगले ठाऊक आहे. वाणिज्य शाखेत संगणक शिकवण्याचे उदाहरणही आहे: पुणे विद्यापीठात वाणिज्य शाखेतच बीसीए होते, पुढे त्याचे नाव बीबीए-सीए झाले. नव्या शैक्षणिक धोरणातील मेजर-मायनर (मुख्य-दुय्यम विषय) रचनेमुळे आपल्याला वेगळी पदवीही काढावी लागणार नाही. म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की अनुदानित बी.कॉम.मध्येच ‘व्यवसाय माहिती प्रणाली’ हा मायनर ठेवावा, त्यासाठी वेगळी फी घेऊ नये, आणि अभ्यास मंडळाने त्याचा आराखडा विद्यापरिषदेपुढे पुढील शैक्षणिक वर्षाच्या आत न्यावा.

प्रॅक्टिकलशिवाय हा विषय निरर्थक आहे. ज्या महाविद्यालयांत वाणिज्यच्या मुलांना संगणक मिळत नाही, त्यांच्यासाठी विद्यापीठाच्या कालिन्यातील विद्यानगरी संकुलातील एक प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी ठेवावी. महागड्या परवान्यांची सबब येऊ नये, म्हणून आधीच सांगतो: ईआरपीनेक्स्ट हे खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मुंबईतल्याच, विद्याविहारच्या फ्रॅपे कंपनीने तयार केले आहे आणि ते परवानाशुल्क न देता वापरता येते.

आता एक मागणी, जी कदाचित आपल्याला खटकेल. आपल्या विद्यापीठात २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच हंगामात सगळ्या शाखांना लावली गेली. उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या घरात, निकाल ४७७. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, ती टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये तत्कालीन कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. परदेशी प्रवेश हुकलेल्या मुलांच्या बातम्या तेव्हा रोज छापून येत होत्या. माहिती प्रणाली कशी कोसळते याचा याहून मोठा धडा या शहरात दुसरा नाही: आधी पुरेशी चाचणी घेतली होती का, जुनी पद्धत सोबत चालू का ठेवली नाही, परीक्षकांना प्रशिक्षण केव्हा दिले, कंत्राटात मुदती कशा लिहिल्या होत्या. परदेशी कंपन्यांची उदाहरणे पाठ्यपुस्तकांत भरपूर आहेत. आपल्या घरचे उदाहरण आपणच शिकवावे. त्या वर्षीची निविदा, वेळापत्रके आणि चौकशीचे कागद, व्यक्तींची नावे वगळून, अभ्याससामग्री म्हणून विद्यार्थ्यांना खुले करावेत. कोणाला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा यात हेतू नाही.

ऑन जॉब ट्रेनिंगची आजची स्थिती केविलवाणी आहे. जागा विद्यार्थ्यानेच शोधायची. ज्याचे काका सीए, त्याला ऑफिस मिळते. बाकीचे प्रमाणपत्र ‘मॅनेज’ करतात. वास्तविक विद्यानगरीपासून वांद्रे-कुर्ला संकुल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९९४ पासून पडद्यावर व्यवहार चालवणारा राष्ट्रीय शेअर बाजार तिथे आहे, यूपीआय चालवणारे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ तिथे आहे, नाबार्डचे मुख्यालय तिथे आहे. या संस्थांशी विद्यापीठाने स्वतः लेखी करार करावा. सगळ्यांना तिथे जागा मिळणार नाही, हे आम्हाला कळते. उरलेल्यांना परिसरातील लहान व्यापाऱ्यांकडे पाठवून जीएसटीच्या नोंदी करायला लावाव्यात. आमच्या मते शिक्षण तिथेच जास्त होईल.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी या विषयाची मराठी स्वयंअध्ययन पुस्तिका दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्राने काढावी. तसेच जुहू रोडवरील एसएनडीटी विद्यापीठाच्या विद्यार्थिनींना ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समार्फत हा मायनर घेता यावा.

या मागण्यांवर बोलण्यासाठी आमच्या पाच प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी. एखादी मागणी मान्य होणार नसेल, तर ती का नाही हे एक महिन्याच्या आत लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले नम्र,
बी.कॉम.चे विद्यार्थी व पालक,
सांताक्रूझ परिसर
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी: अधिष्ठाता, वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखा