अथेन्सचा धडा आणि सिल्वासा

ग्रीस-रोमचे दाखले देणे हा राजकीय विचारवंतांचा जुनाच परिपाठ आहे. डॉ. आंबेडकरांनी मात्र तो केवळ शोभेसाठी पाळला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याचा आधार घेऊन त्यांनी बजावले की, घटनात्मक नीतिमत्ता उपजत नसते. ती अंगी बाणवावी लागते.

ती बाणते कारभार करूनच. १९५४ साली पोर्तुगीज सत्ता झुगारल्यावर सिल्वासाने हे अनुभवले. भारतात विलीन होण्याचा ठराव १२ जून १९६१ रोजी केला, तोही येथल्याच वरिष्ठ पंचायतीने. आज येथे जिल्हा पंचायत आहे, नगरपरिषद आहे. विधानसभा मात्र नाही. सूत्रे राष्ट्रपतिनियुक्त प्रशासकाच्या हाती आहेत. प्रदेश लहान, हे कारण पुढे करावे, तर अथेन्सचे नगरराज्य तरी कोठे खंडप्राय होते?

अथेन्सने स्त्रियांना व गुलामांना सभेबाहेर ठेवले, हे व्यंगही विसरता येत नाही. म्हणूनच वारली, कोकणा, धोडिया यांच्या या भूमीत अधिकार वाढावेत, ते त्यांच्यासह. काठावर बसून पोहणे येत नाही. लोकशाहीही येत नाही.