बॅटरी घ्या, पण रंग पक्का आहे का ते पाहून

कापडाच्या धंद्यात आमचे केस पिकले. नवा माल समोर आला की आम्ही पांढरे फडके ओले करून त्यावर घासतो. फडक्याला रंग लागला तर माल कितीही उठावदार असो, परत जातो. परंतु दोन वर्षांपूर्वी गाठी वाहण्यासाठी विजेवरची तीनचाकी घेतली तेव्हा ही सवय आम्ही विसरलो. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर आणि किंमत किती, एवढेच विचारले. दुसऱ्या उन्हाळ्यात गाडी निम्म्या अंतरात थांबू लागली. कारागिराने पेटी उघडली, तर आतल्या सेलवर ना नाव, ना प्रकार. विकणाऱ्याच्या आधी दोष आमचाच होता.

आज मालवाहू गाडीपासून दुकानाच्या इन्व्हर्टरपर्यंत लिथियम बॅटरी आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या दारात आली आहे. तेव्हा तिचा पक्केपणा कशात असतो हे समजून घेणे अगत्याचे आहे.

सेलच्या एका बाजूस ग्रॅफाइट आणि दुसऱ्या बाजूस कॅथोड असतो. मधल्या द्रवातून लिथियम मागावरच्या धोट्याप्रमाणे ये-जा करतो. चार्जिंगच्या वेळी तो कॅथोडमधून निघून ग्रॅफाइटमध्ये जातो, वापराच्या वेळी परत येतो. बॅटरी किती वीज धरील, किती वर्षे टिकेल आणि तापल्यावर कशी वागेल, हे बऱ्याच अंशी या कॅथोडवर ठरते.

1980 साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्टचा कॅथोड दाखवून दिला आणि 1991 साली सोनी कंपनीने तशी बॅटरी बाजारात आणली. मात्र त्यातील सुमारे निम्माच लिथियम निर्धास्तपणे बाहेर काढता येतो. त्याहून जास्त ओढला की आतले थर ढासळू लागतात. शिवाय कोबाल्ट महाग, आणि जगातला निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या काँगो देशाच्या खाणींतून येतो. म्हणून पुढे कोबाल्ट कमी करून निकेल वाढवण्यात आले. वीज वाढली, पण पक्केपणा घटला. पूर्ण चार्ज झालेल्या निकेलची आतल्या द्रवाशी रासायनिक क्रिया होते, आकुंचन-प्रसरणाने त्याचे कण तडकतात, आणि फार तापला तर तो ऑक्सिजन सोडतो. मग आगीला बाहेरच्या हवेची गरज उरत नाही.

यावर शास्त्रज्ञांनी केलेले उपाय आपल्या कारागिरांना परके वाटू नयेत. ताण्याचा धागा मागावर तुटू नये म्हणून आपण त्याला खळ देतो. तसाच कॅथोडच्या कणांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ लेप देतात. रंग पक्का करण्यासाठी रंगारी तुरटी वापरतो, आणि तुरटीत ॲल्युमिनियमच असते. इथेही निकेलमध्ये थोडे ॲल्युमिनियम मिसळले की रचना स्थिर राहते.

दुसरी वाट 1997 साली निघाली. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्याच गटाने लोह आणि फॉस्फेटचा कॅथोड पुढे आणला. त्याला बाजारात एलएफपी म्हणतात. या वाटेचा पाया 1980 च्या दशकात गुडइनफ यांच्यासोबत ज्यांनी घातला ते अरुमुगम मंथिराम मूळचे तमिळनाडूचे, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन इतका घट्ट बांधलेला असतो की तापल्यावरही सहजी सुटत नाही. लोखंड स्वस्त, आणि चार्जिंगच्या फेऱ्याही जास्त मिळतात. उणीव एवढीच की तेवढ्याच वजनात वीज कमी मावते आणि कडक थंडीत ताकद मंदावते.

आमचे मत स्पष्ट आहे. ज्याची गाडी गोदामातून पेठेत आणि पेठेतून घरी एवढीच फिरते, ज्याचा इन्व्हर्टर भिंतीशी जागचा हलत नाही, त्याने चार किलो वजन वाचवण्यासाठी पक्केपणा सोडू नये. त्याने एलएफपी घ्यावी. लांब पल्ल्याच्या वाहनाला निकेलची बॅटरी लागू शकते, पण ती नामांकित कारखान्याचीच असावी. मात्र एलएफपी म्हणजे आगीपासून पूर्ण अभय, असेही कोणी समजू नये. आतला द्रव तिच्यातही पेट घेणारा असतो आणि चुकीचा चार्जर कोणत्याही बॅटरीचा घात करतो. 2022 साली विजेच्या दुचाकींना आगी लागल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केले. परंतु बिनबिलाच्या, बिननावाच्या पेटीपर्यंत नियम पोहोचत नाही.

तेव्हा बांधवांनो, चार गोष्टी विचारा. कॅथोड कोणता? किती फेऱ्यांनंतर किती टक्के क्षमता उरेल, याची लेखी हमी आहे काय? चार्जिंग व तापमान सांभाळणारे सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, आत आहे काय? आणि बिलावर हे सारे लिहून मिळेल काय? दुकानदार टाळाटाळ करू लागला तर उठून यावे. फडक्याला रंग लागला असे समजावे.