पट मांडण्यापूर्वीची चेन्नई

२०२५ च्या नोव्हेंबरात हडफडे येथे बुद्धिबळाचा विश्वचषक रंगला. २०६ खेळाडू आले, उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव चषक घेऊन गेला. विश्वचषक ही जगज्जेतेपदाच्या वाटेवरची एक पायरी. तेव्हा खुद्द जगज्जेतेपदाची लढतही गोव्यात व्हावी, असे कोणालाही वाटेल. या इच्छेचे मोल ठरवायचे तर चेन्नईचा अनुभव तपासावा लागतो.

चेन्नईला २०१३ ची आनंद–कार्लसन लढत खुल्या निविदेतून मिळाली नव्हती. आदल्या लढतीसाठी तिने बोली लावली होती, पण यजमानपद मॉस्कोकडे गेले आणि २०१२ मध्ये आनंद व गेल्फंड त्रेत्याकोव्ह कलादालनात खेळले. त्याची भरपाई म्हणून पुढच्या लढतीवर पहिला हक्क चेन्नईला देण्यात आला. नॉर्वेने हरकत घेतली, आणि ती गैरवाजवी होती असे म्हणवत नाही. जयललिता सरकारने २९ कोटी रुपये मंजूर केले. प्रत्यक्षात आनंदला स्वतःच्या शहरात एकही डाव जिंकता आला नाही. बारा डावांची लढत दहाव्याच डावात ६.५–३.५ अशी आटोपली.

पण प्रेक्षकांत सात वर्षांचा डी. गुकेश होता. काचेपलीकडे बसलेल्या त्या दोघांना पाहून आपणही तिथे असावे असे वाटल्याचे त्याने पुढे सांगितले. अकरा वर्षांनी तो जगज्जेता झाला. ही कथा यजमानपदाच्या समर्थनार्थ हमखास सांगितली जाते आणि तिथेच गल्लत होते. एका लढतीने जगज्जेता घडत नाही. मॅन्युएल एरन १९६१ मध्ये देशाचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. त्यांच्या पुढाकाराने सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात मिखाईल ताल यांच्या नावाचा क्लब १९७२ मध्ये सुरू झाला. लहानगा आनंद तिथे खेळला आणि १९८८ मध्ये देशाचा पहिला ग्रँडमास्टर ठरला. पुढे हजेरीची सक्ती सैल करून मुलांना स्पर्धांना पाठवणाऱ्या वेलम्मलसारख्या शाळा उभ्या राहिल्या. गुकेश आणि प्रज्ञानंद त्याच शाळेचे. २०१३ मध्ये पट मांडला गेला तेव्हा त्याभोवती चार दशकांची ही मशागत होती.

म्हणूनच युक्रेन युद्धामुळे २०२२ चे ऑलिम्पियाड मॉस्कोतून हलवावे लागले, तेव्हा अवघ्या काही महिन्यांत ते मामल्लपुरमला भरवणे तमिळनाडूला जमले. त्यात गुकेशने पहिले आठही डाव जिंकले. मात्र पूर्वपुण्याईला मर्यादा असते. २०२४ च्या गुकेश–डिंग लिरेन लढतीसाठी भारतातून दोन बोली गेल्या : तमिळनाडू सरकारची चेन्नईसाठी आणि राष्ट्रीय महासंघाची नवी दिल्लीसाठी. घरातच ही चढाओढ, आणि लढत गेली सिंगापूरला. चेन्नईचा मुलगा तिथे ७.५–६.५ असा जिंकला.

गोव्यालाही थोडा इतिहास आहे. २००२ ची जागतिक कनिष्ठ गटाची स्पर्धा इथेच झाली. ती जिंकणारा लेव्होन अरोनियन २०२५ मध्ये पुन्हा गोव्यात खेळला आणि अर्जुन एरिगेसीकडून हरला. या दोन स्पर्धांच्या मधल्या काळात अनुराग म्हामल आणि लिऑन मेंडोन्सा हे ग्रँडमास्टर गोव्याने दिले. भक्ती कुलकर्णीने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. एवढ्याशा राज्यासाठी ही कामगिरी लहान नव्हे, पण तिच्यामागे कुटुंबांनी सोसलेला प्रवास आणि खर्च किती, हे बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना विचारावे.

हडफड्याचे सभागृह उत्तम होते. पर्यटनाच्या दृष्टीने तो खर्च समजण्याजोगा आहे. परंतु पेडणे वा काणकोणच्या मुलाला शाळा सुटल्यावर रोज पटावर बसण्यासाठी रिसॉर्ट उपयोगाचे नाही. त्याला गावाजवळ एक खोली, चार पट आणि शिकवणारा माणूस हवा. पुढच्या यजमानपदाचा प्रस्ताव विधानसभेत आला, तर त्यात या खोलीसाठी किती तरतूद आहे, हे आमदारांनी आधी विचारावे.